बारटेंडिंग

बारटेंडिंग हा पानगृहात, हॉटेलात किंवा खाजगी समारंभात पाहुण्यांना मद्ययुक्त व मद्यविरहित पेये तयार करून देण्याचा व्यवसाय आहे. हा व्यवसाय करणाऱ्यास बारटेंडर किंवा जुन्या वळणाने बारमन असे म्हणतात. बाटलीतील मद्य पेल्यात ओतणे एवढाच या कामाचा अर्थ पुष्कळदा घेतला जातो. परंतु मद्य, आंबट, गोड, कडू आणि पाणी यांचा तोल साधून कॉकटेल म्हणजेच मिश्रपेय सिद्ध करणे हे या व्यवसायातील खऱ्या कौशल्याचे अंग होय. ताजे रस, स्वतः केलेले पाक व अर्क, मोजून घेतलेली मात्रा आणि निवडक बर्फ यांच्या साहाय्याने केलेल्या पेयांना एकविसाव्या शतकात क्राफ्ट कॉकटेल हे नाव रूढ झाले. विवाह, वाढदिवस, कंपन्यांचे मेळावे अशा ठिकाणी फिरता बार मांडून सेवा देण्यास इव्हेंट बारटेंडिंग म्हणतात. भारतात या व्यवसायाची दारे स्त्रियांना काही प्रांतांत कायद्यानेच बंद होती. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये दिल्लीतील अशी बंदी घटनाबाह्य ठरवली.

पंच आणि मुंबई

मिश्रपेयांच्या इतिहासाचा एक जुना धागा भारताच्या पश्चिम किनाऱ्याशी जुळतो. 'पंच' या पेयाचा इंग्रजीतील पहिला ज्ञात उल्लेख १६३२ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या एका माणसाच्या पत्रात आढळतो. मद्य, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला अशा पाच घटकांमुळे 'पाच' या शब्दावरून हे नाव पडले, अशी प्रचलित व्युत्पत्ती आहे. शिवकालाचा साक्षीदार म्हणून मराठी इतिहासाच्या वाचकांना परिचित असलेला इंग्रज वैद्य जॉन फ्रायर यानेही आपल्या १६९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात हीच व्युत्पत्ती दिली आहे. काही भाषाभ्यासक मात्र ती मानत नाहीत आणि पिंपाच्या एका इंग्रजी नावाकडे या शब्दाचे मूळ नेतात.

मुंबई सरकारच्या १६९४ च्या एका आदेशात पंच पिण्यासाठी खानावळीत आलेल्या माणसाने काय मागावे याची मापे दिलेली आहेत : गोव्याची चांगली अरक एक क्वार्ट, साखर अर्धा पौंड आणि लिंबाचे पाणी अर्धा पिंट. हे साहित्य घेऊन गिऱ्हाइकाने आपला पंच आपणच बनवावा, असे त्यात अभिप्रेत आहे. पेय बनवणारा स्वतंत्र माणूस तेव्हा अजून उभा राहिलेला नव्हता, हे यावरून ध्यानात येते.

अमेरिकेतील उदय

'कॉकटेल' या शब्दाची छापील स्वरूपातील सर्वांत प्रसिद्ध व्याख्या १३ मे १८०६ रोजी न्यूयॉर्क राज्यातील हडसन येथील 'द बॅलन्स अँड कोलंबियन रिपॉझिटरी' या वृत्तपत्रात आली. कोणतेही मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स म्हणजे वनस्पतींचा कडू अर्क यांचे मिश्रण असा तिचा आशय होता. आज 'ओल्ड फॅशन्ड' या नावाने ओळखले जाणारे पेय या व्याख्येत जवळजवळ तंतोतंत बसते.

त्याच सुमारास बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर याने गोठलेल्या तळ्यांतील बर्फ कापून दूरदेशी पाठवण्याचा व्यापार सुरू केला. त्याचा बर्फ १८३३ मध्ये जहाजाने कोलकात्यास पोहोचला आणि पुढे मुंबईतही बर्फघर उभे राहिले. बर्फ स्वस्त झाल्यामुळे अमेरिकेतील पेयांचे रूपच पालटले. हलवणे, ढवळणे, गाळणे या आज मूलभूत मानल्या जाणाऱ्या क्रिया बर्फाच्या भोवतीच विकसित झाल्या आहेत.

या काळातील सर्वांत ख्यातनाम बारटेंडर जेरी थॉमस (१८३०–१८८५) होय. कॅलिफोर्नियातील सोन्याच्या शोधाच्या धामधुमीत त्याने नशीब अजमावले आणि पुढे अनेक शहरांत बार चालवले. पेटलेली व्हिस्की एका धातूच्या पेल्यातून दुसऱ्यात ओतून ज्वालेची कमान उभी करणारे 'ब्लू ब्लेझर' हे पेय त्याची खूण बनले. १८६२ मध्ये त्याने मिश्रपेयांच्या कृतींचे पुस्तक प्रसिद्ध केले. अमेरिकेतील या विषयावरील ते पहिले पुस्तक मानले जाते. तोवर ही विद्या उस्तादाकडून शागिर्दाकडे तोंडी जात असे, आणि ती सहसा कोणी सांगतही नसे. कृती छापल्या गेल्यामुळे तिला परंपरेचे स्वरूप आले.

दारूबंदी आणि पुनरुज्जीवन

अमेरिकेत १७ जानेवारी १९२० पासून ५ डिसेंबर १९३३ पर्यंत देशव्यापी दारूबंदी होती. चोरट्या अड्ड्यांत मद्य मिळत राहिले, पण कसबी बारटेंडर देशोधडीला लागले. कित्येकांनी व्यवसाय बदलला. काही युरोपात गेले. त्यांपैकी हॅरी क्रॅडॉक लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलातील अमेरिकन बारमध्ये रुजू झाला. त्याने संकलित केलेले 'द सॅव्हॉय कॉकटेल बुक' (१९३०) आजही बारटेंडरांच्या हाताशी असते. क्रॅडॉकच्या आधी त्याच बारची सूत्रे सुमारे दोन दशके एडा कोलमन या स्त्रीच्या हाती होती. नट चार्ल्स हॉट्री यांच्यासाठी तिने बनवलेले 'हँकी पँकी' हे पेय अद्याप प्रचारात आहे. क्रॅडॉकचे नाव ग्रंथामुळे सर्वतोमुखी झाले. कोलमनचे योगदान मात्र दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले.

दारूबंदी उठल्यानंतर कारखानदारीचा काळ आला. डबाबंद रस, आंबट-गोड चवीची तयार भुकटी आणि सोड्याची यंत्रे यांमुळे पेय झटपट मिळू लागले. त्याची चव मात्र सर्वत्र एकसारखी आणि निकृष्ट झाली. १९८७ मध्ये पुन्हा उघडलेल्या न्यूयॉर्कमधील रेनबो रूम या उपाहारगृहात डेल डिग्रॉफ यांनी ताज्या रसांचा आग्रह धरून जुन्या कृती पुन्हा वापरात आणल्या. १९९९ च्या अखेरीस साशा पेट्रास्की यांनी त्याच शहरात 'मिल्क अँड हनी' हा छोटा बार उघडला. तेथे गोंगाटास मज्जाव होता, बर्फ हाताने कापलेला असे आणि प्रत्येक थेंब मोजून घेतला जाई. पुढे जगभर पसरलेल्या क्राफ्ट कॉकटेल चळवळीचा आदर्श याच ठिकाणी घडला असे म्हणण्यास हरकत नाही.

या शांत वळणाच्या अगदी उलट दिशेला 'फ्लेअर' म्हणजे बाटल्या हवेत उडवून झेलण्याची कसरत आहे. टॉम क्रूझची भूमिका असलेल्या 'कॉकटेल' (१९८८) या चित्रपटामुळे ती लोकप्रिय झाली. भारतात बारटेंडर म्हटले की अजूनही पुष्कळांच्या डोळ्यांसमोर हीच कसरत येते. समारंभात तिला मागणी आहे. तथापि कसरतीने पेयाची चव सुधारत नाही, हेही तितकेच खरे.

तंत्र

बहुसंख्य अभिजात मिश्रपेये मोजक्या सूत्रांवर उभी आहेत. 'सावर' प्रकारात साधारणपणे ६० मिलिलिटर मद्यास २० ते ३० मिलिलिटर लिंबूरस आणि जवळपास तेवढाच साखरेचा पाक घेतात. पाकात साखर व पाणी समप्रमाणात असतात. रोज सरबत करणाऱ्या गृहिणीला हे गणित नवे नाही. फरक इतकाच की बारमध्ये ते शंभराव्या पेल्यातही तसेच साधावे लागते. म्हणूनच अंदाजाने ओतण्याऐवजी जिगर हे दुतोंडी माप वापरतात. भारतात ३० मिलिलिटरचा लहान पेग आणि ६० मिलिलिटरचा मोठा पेग ही मापे सर्वपरिचित असल्याने येथे हे काम सोपे जाते. पाश्चात्त्य पुस्तकांतील कृती जशाच्या तशा उतरवताना मात्र दक्षता लागते. आपले कागदी लिंबू तिकडील मोठ्या, बिनबियांच्या लिंबापेक्षा अधिक आंबट व उग्र वासाचे असते, त्यामुळे रसाचे प्रमाण थोडे कमी करावे लागते.

ज्या पेयात रस, साय किंवा अंड्याचा पांढरा भाग असतो ते शेकरमध्ये जोरात हलवतात. त्यात हवा मिसळते आणि फेस येतो. केवळ मद्यांचे मिश्रण असलेली पेये लांब चमच्याने ढवळतात, म्हणजे ती नितळ राहतात. दोन्ही क्रियांत बर्फ वितळून पेयात पाणी उतरते. तयार पेयाचा सुमारे पाचवा ते चौथा हिस्सा असा बर्फाच्या पाण्याचा असतो. हे पाणी म्हणजे भेसळ नव्हे, तर पेयाचा आवश्यक घटक आहे. ते न उतरल्यास चव बोचरी लागते आणि जास्त उतरल्यास पेय पांचट होते. ओला, चुरा झालेला बर्फ लवकर वितळतो, म्हणून मोठे, कोरडे व घट्ट खडे पसंत करतात. पुदिना किंवा फळे चेचण्यासाठी खलबत्त्यातील बत्त्यासारखा लाकडी मडलर वापरतात. पुदिना रगडल्यास कडवट होतो, तो केवळ दाबायचा असतो. नवशिक्यांची मोहितो बहुधा येथेच बिघडते.

समारंभातील बारटेंडिंग

बारमध्ये गिऱ्हाईक टप्प्याटप्प्याने येते. समारंभात दोनशे पाहुणे एकाच अर्ध्या तासात येतात, आणि सर्वांना पहिला पेला त्याच वेळी हवा असतो. त्यामुळे इव्हेंट बारटेंडिंगचे खरे काम आदल्या दिवशीच होते. पेयांची यादी चार-पाचांपुरती मर्यादित ठेवणे, पाक व अर्क आधी करून ठेवणे आणि ढवळण्याची पेये आगाऊ मिसळून बाटल्यांत भरून गार करणे ही त्याची रीत आहे. आगाऊ मिसळलेल्या पेयास बर्फाचा स्पर्श झालेला नसतो. म्हणून वितळून जितके पाणी उतरले असते तितके मोजून घालावे लागते. लिंबूरस मात्र त्याच दिवशी काढतात, कारण काही तासांतच त्याचा ताजेपणा ओसरतो.

साधारण पन्नास ते पंच्याहत्तर पाहुण्यांमागे एक बारटेंडर असा व्यावसायिकांचा ठोकताळा आहे. पेयांत आणि बाटल्या गार करण्यास मिळून माणशी किमान अर्धा किलो बर्फ धरतात. वैशाखातील उघड्या हिरवळीवरील समारंभात तो एक किलोपर्यंत जातो. मद्य संपल्यास यजमान आणखी आणू शकतो, रात्री अकरा वाजता संपलेला बर्फ मात्र सहसा मिळत नाही. या व्यवसायातील अनुभवी माणसे प्रथम बर्फाचा आणि नंतर सांडपाण्याचा विचार करतात, तो उगाच नव्हे.

हौसेपोटी या क्षेत्रात येणारे बरेच जण आठवडाभर दुसरी नोकरी करून शनिवार-रविवारी अशी कामे घेतात. पेयांची आवड असणे आणि आठ तास उभे राहून तीच पेये हसतमुखाने बनवणे यांत अंतर आहे. सामान वाहून नेणे, मांडणे, शेवटचा पाहुणा गेल्यावर काचा धुऊन मोजून परत भरणे, पहाटे घरी पोहोचणे हा कामाचा मोठा भाग असतो. कामावर असताना स्वतः न पिणे हा चांगल्या चमूंचा नियम आहे. जेथे तो पाळला जात नाही तेथे व्यसनाचा धोका स्पष्ट असतो.

मद्यविरहित पेयांना समारंभात बरोबरीचे स्थान असते. पन्हे, कोकम, आवळा, जांभूळ, गवती चहा अशा परिचित स्वादांचा उपयोग महाराष्ट्रातील बारटेंडर मॉकटेलमध्ये मोठ्या प्रमाणावर करतात. एकाच कुटुंबात पिणारे आणि न पिणारे दोघेही असल्याने दोन्ही पेये सारख्याच पेल्यातून, सारख्याच सजावटीने देण्याची पद्धत यजमानांना सोयीची वाटते.

महाराष्ट्रातील कायदा

राज्यातील मद्यव्यवहार १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याखाली येतो. हाच कायदा आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा या नावाने ओळखला जातो. नावाप्रमाणे मूळ कायदा बंदीचा असून विक्री व प्राशन ही परवान्याने दिलेली सूट आहे. मद्य पिणाऱ्याकडे परवाना असावा ही अट अजूनही आहे, आणि 'परमिट रूम' हा खास महाराष्ट्री शब्द त्यातूनच आला. तीव्र मद्यासाठी किमान वय २५ वर्षे आहे. समारंभात मद्य द्यावयाचे असल्यास राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून तात्पुरता परवाना घ्यावा लागतो. तो घेण्याची जबाबदारी यजमानाची की बारटेंडरची याविषयी गोंधळ होऊ नये म्हणून ती आधीच लेखी ठरवून घेणे इष्ट समजले जाते. वर्धा व गडचिरोली हे जिल्हे दारूबंदीचे आहेत. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ ते २०२१ या काळात बंदी होती. मोटार वाहन कायद्यानुसार चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळणे हा गुन्हा आहे. झेपेनासे झालेल्या पाहुण्यास नम्रपणे पुढचा पेला नाकारणे हे बारटेंडरचे कर्तव्य मानले जाते. व्यवहारात यजमानाच्या मेहुण्याला नाही म्हणणे सर्वांत कठीण जाते.

स्त्रिया आणि बारटेंडिंग

मद्यालयात स्त्रीने काम करावे की नाही हा वाद अनेक देशांत झाला. अमेरिकेतील मिशिगन राज्यात मालकाची पत्नी किंवा कन्या असल्याखेरीज स्त्रीला बारटेंडरचा परवाना मिळत नसे. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये गोसार्ट विरुद्ध क्लिअरी या खटल्यात ही तरतूद वैध ठरवली होती. हा दृष्टिकोन त्या न्यायालयाने १९७६ मध्ये सोडून दिला.

भारतात पंजाब उत्पादन शुल्क कायदा, १९१४ हा ब्रिटिशकालीन कायदा दिल्लीस लागू होता. त्याच्या कलम ३० नुसार, जेथे लोक मद्य पितात अशा जागी २५ वर्षांखालील पुरुषास आणि कोणत्याही वयाच्या स्त्रीस नोकरीवर ठेवण्यास मनाई होती. हॉटेल असोसिएशन ऑफ इंडिया व इतरांनी त्यास आव्हान दिले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवले. दिल्लीतील काही नागरिकांनी त्यावर सर्वोच्च न्यायालयात अपील केले. अनुज गर्ग विरुद्ध हॉटेल असोसिएशन ऑफ इंडिया या खटल्यात न्या. एस. बी. सिन्हा व न्या. हरजित सिंग बेदी यांच्या पीठाने ६ डिसेंबर २००७ रोजी ते फेटाळले. हॉटेल व्यवस्थापनाचे शिक्षण घेतलेले तरुण-तरुणी पंचविशीच्या आतच पदवीधर होतात आणि त्यांच्या कामात मद्याशी संबंध येतोच, याची न्यायालयाने दखल घेतली. स्त्रियांच्या सुरक्षिततेचे कारण पुढे करून त्यांचा रोजगारच हिरावून घेणे न्यायालयास मान्य झाले नाही; सुरक्षित परिस्थिती निर्माण करणे हे शासनाचे काम आहे, असा निकालाचा रोख आहे. भारतीय राज्यघटनेतील लिंगसमानतेच्या चर्चेत हा निकाल आज वारंवार आधारास घेतला जातो. बंगालमध्ये १९०९ च्या उत्पादन शुल्क कायद्यातील अशाच स्वरूपाची बंदी दूर करणारी दुरुस्ती पश्चिम बंगाल विधानसभेने २०२५ मध्ये संमत केली.

मुंबईत अशी वाट न्यायालयापूर्वीच चोखाळली गेली होती. शतभी बसू यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी येथे बारटेंडर म्हणून काम सुरू केले. देशातील पहिल्या महिला बारटेंडर म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. पुढे त्यांनी मुंबईत 'स्टर' ही बारटेंडिंग शिकवणारी संस्था स्थापन केली. फ्लेअरमध्ये एमी श्रॉफ यांचे नाव प्रसिद्ध आहे.

मराठी समाजात या व्यवसायाकडे पाहण्याच्या दृष्टीला वेगळी पार्श्वभूमी आहे. राम गणेश गडकरी यांच्या 'एकच प्याला' या नाटकातील सुधाकर व सिंधू यांच्या शोकांतिकेने मद्याविषयीचे मत कित्येक पिढ्या घडवले. दारूमुळे मोडलेल्या संसाराची झळ प्रामुख्याने स्त्रियांनाच लागते, आणि म्हणून गावातील दारू दुकान बंद करण्यासाठी 'उभी बाटली, आडवी बाटली' या चिन्हांवर मतदान घेण्याच्या तरतुदीचा उपयोगही मुख्यत्वे महिलांनीच केला. बारमागे उभी राहून स्वाभिमानाने उपजीविका करू पाहणारी तरुणी आणि बाटली आडवी करणारी ग्रामीण स्त्री या एकाच समाजाच्या दोन बाजू आहेत. दोघींपैकी कोणालाही चुकीचे ठरवून हा प्रश्न सुटत नाही. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास पूर्णतः निर्धोक नसल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.

भारतीय बार आणि स्थानिक मद्ये

२०१७ च्या आसपास गोव्यात देशी बनावटीच्या दर्जेदार जिनचे उत्पादन सुरू झाले आणि बारटेंडरांना आयात बाटल्यांना पर्याय मिळाला. यांगडुप लामा यांच्या दिल्लीतील 'साइडकार' या बारने २०२२ मध्ये जगातील पन्नास उत्कृष्ट बारच्या यादीत स्थान मिळवले.

स्थानिक मद्यांपैकी गोव्याच्या फेणीकडे बारटेंडरांचे लक्ष उशिरा गेले. काजूची बोंडे तुडवून काढलेला रस नैसर्गिकरीत्या आंबवून भाटीवर ऊर्ध्वपातित केला की प्रथम सौम्य हुर्राक मिळते. पुन्हा ऊर्ध्वपातन केल्यावर फेणी तयार होते. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि २०१६ मध्ये गोवा राज्याने तिला वारसा मद्याचा दर्जा दिला. तिचा दरवळ इतका प्रबळ असतो की दुसरे मद्य तिच्यापुढे टिकत नाही. म्हणून तिच्यासोबत कोकम, आले, मिरची अशा ठसठशीत चवी योजाव्या लागतात. हुर्राक केवळ उन्हाळ्यात, काजूच्या हंगामात मिळते. लिंबाचे शीतपेय, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून ती पिण्याची गोव्यातील रीत कोणत्याही बारटेंडरने शोधून काढलेली नाही, पण आता ती महानगरांतील बारच्या यादीतही दिसू लागली आहे.